मेसच्या वहीतले खाडे

२१ जुलै २०२५, सोमवार

आज मेस सुरू झाली. रेक्टर म्हणून माझं हे तिसरं वर्ष. १४८ मुलींपैकी १३४ आल्या, बाकीच्यांच्या गाड्या रात्री येतील. दुपारी मेस चालवणाऱ्या मावशींनी नवी वही पुढे केली आणि म्हणाल्या, "मॅडम, पहिल्या पानावर तुम्हीच श्री लिहा."

लांबट, लाल कापडी पाठीची वही. एका पानावर एका खोलीतल्या तिघी, आडवे महिन्याचे दिवस, प्रत्येक दिवसाचे दोन रकाने: सकाळ आणि रात्र. जेवली की निळी टिकली, नाही जेवली की लाल फुली. त्या फुलीला इथे सगळ्या खाडा म्हणतात. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर तेवढ्या जेवणाचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. ऐन वेळी आली नाही तर फुली पडते, पण पैसे लागतातच. तशा फुलीभोवती मावशी गोल करतात.

दोन वर्षं मी ही वही फक्त महिन्याच्या शेवटी, बेरीज तपासायला उघडत होते. या वर्षी दर रविवारी संध्याकाळी उघडायची ठरवलं आहे. का, ते लिहायला आज हात वळत नाही.

२६ जुलै, शनिवार

काल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विशाखापट्टणमला राहून 'नीट'ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं हे प्रकरण. तपास नीट झाला नाही म्हणून वडील कोर्टात गेले होते. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांनी तपास सीबीआयकडे दिलाच, शिवाय देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. मदतीचे फोन नंबर वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावायचे. मार्चमध्ये याच न्यायालयाने न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. त्यानंतरचं हे दुसरं मोठं पाऊल.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती प्रशिक्षणाची सूचना. वर्षातून दोनदा, आणि फक्त शिक्षकांना नाही, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही. ही ओळ ज्याला सुचली त्याला वसतिगृह ठाऊक असणार. मूल खचत चाललंय हे प्राध्यापकाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळतं ते रात्रपाळीच्या वॉचमनला, झाडू मारणाऱ्या ताईंना, परीक्षा विभागाच्या खिडकीमागच्या क्लार्कला आणि मेसमध्ये पोळ्या मोजणाऱ्या बाईला.

आमच्याकडे समुपदेशक आहेत. अकरा महिन्यांच्या करारावर, आठवड्यातून तीन दिवस. बाई मनापासून काम करतात, पण त्यांची खोली परीक्षा विभागाला लागून आहे. हॉल तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसतं की कोण आत गेलं आणि किती वेळाने डोळे पुसत बाहेर आलं. खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला हलवावी असं पत्र आज लिहिलं. सोमवारी देईन.

३ ऑगस्ट, रविवार

पहिल्यांदा वही घेऊन नीट बसले. मावशी समोर शेंगा सोलत होत्या. आठवड्यात पाच किंवा जास्त खाडे असलेल्या नऊ जणी निघाल्या. त्यातल्या चौघी गावी गेलेल्या, एकीला कावीळ, एकीचे श्रावणातले उपास. उरल्या तिघी.

तिघींच्याही खोलीवर गेले. चौकशी म्हणून नाही, कोयंड्याचं काम बघायला आले असं सांगून. हिंगोलीकडच्या मुलीच्या टेबलावर बिस्किटाचे पुडे रचून ठेवलेले होते, पाच रुपयांवाले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, मला रात्री भूक नसते." थोडा वेळ बसल्यावर खरं बाहेर आलं. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा तिचा मागच्या वर्षीचा अर्ज 'सेंड बॅक' झालाय, म्हणजे परत आलाय. का, ते तिला कोणी सांगितलं नाही. शिष्यवृत्ती नाही म्हणून फीची बाकी, बाकी आहे म्हणून नो ड्यूज नाही. ती आठवडाभर रोज क्लार्कच्या खिडकीशी जाऊन उभी राहते आणि रोज तिला "उद्या या" ऐकायला मिळतं. रात्रीचा खाडा सांगितला की महिन्याला तेराशे-चौदाशे वाचतात. वडिलांना तिने सांगितलंय की शिष्यवृत्ती जमा झाली.

"झोप लागते का गं?"

"लागते. पण तीनला जाग येते मॅडम, मग छातीत धडधडतं."

हिला मी समुपदेशकांकडे पाठवणार आहेच. पण आधी तिच्याबरोबर खिडकीवर जाणार. तिची धडधड ज्या कागदापासून सुरू झाली तो कागद कुठेतरी एका टेबलावर पडलाय. तो हलत नाही तोवर दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय होणार?

५ ऑगस्ट, मंगळवार

आधार कार्डावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, बँकेच्या पासबुकात दुसऱ्या तऱ्हेने. एवढंच होतं. क्लार्क मुळीच वाईट माणूस नाही. त्याच्याकडे चार विभागांचे अर्ज आहेत. मी शेजारी खुर्ची ओढून बसले तेव्हा वीस मिनिटांत त्याने त्रुटी शोधून दिली. मुलगी जिना उतरताना रडली. आज रात्रीच्या रकान्यात निळी टिकली आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज टपालात एक अर्ज आला. अक्षर ओळखीचं होतं. पाकीट उघडण्याआधी मी दार लावून घेतलं. आता लिहूनच टाकते.

फेब्रुवारी २०२४. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलगी, शांत, अभ्यासू, कधी कोणाच्या तक्रारीत नाव नाही. एका पहाटे तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने माझं दार वाजवलं. मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. दवाखान्यात वेळेवर पोचलो, ती वाचली. देवाची कृपा आणि त्या मैत्रिणीची.

पुढच्या चार दिवसांत आम्ही जे केलं ते मात्र कृपेचं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, पोलीस केस होईल का. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम तेव्हा अजून पुस्तकात होतं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम स्पष्ट सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी घेणं आणि तिच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. (१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०९ गेलं ते गेलंच.) बैठकीत ठरलं की "इतर मुलींच्या मनावर परिणाम होऊ नये" म्हणून तिचा वसतिगृहाचा प्रवेश रद्द करून तिला पालकांच्या ताब्यात द्यावं. पत्र टाइप होऊन आलं आणि मी सही केली.

तिचे वडील पांढऱ्या टोपीतले, बसस्टँडवरून थेट आलेले. पत्र हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "मॅडम, पोरीचा गुन्हा काय हाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ते गेल्यावर मेसचं बिल काढायला मी वही उघडली. जानेवारीत तिचे एकोणीस खाडे होते. शेवटच्या दहा दिवसांतल्या बहुतेक फुल्यांभोवती गोल. म्हणजे पैसे वाचवायचे म्हणून नाही, तिला खोलीतून उठवतच नव्हतं. मावशींनी प्रत्येक गोल काळजीने काढला होता. त्यांनी एकदा मला सांगितलंही होतं, "त्या वरच्या पोरीचं काही बरं दिसंना." मी पेपर तपासत होते. म्हणाले, बघते.

अर्ज पुन्हा प्रवेशासाठी आहे. दीड वर्ष औषधं घेतली, आता बरी आहे, दुसरं सत्र पूर्ण करायचंय असं तिने लिहिलंय. अर्जाच्या खाली वेगळी ओळ: 'वसतिगृह मिळाले तरच शक्य आहे.'

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीमुळे निम्मं वसतिगृह गावी. वहीभर लाल, पण हे लाल चांगलं. ज्या गेल्या नाहीत त्यांनी मेसमध्ये गणपती बसवलाय. मोदक फुटले, कोणाला पर्वा नव्हती.

१० सप्टेंबर, बुधवार

जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. सभागृहात पोस्टर, शपथ, पाहुण्यांचं भाषण. आकडे सांगितले गेले आणि ते ऐकायलाच हवेत. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवलं, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. कोटा कोटा म्हणून आपण बोट राजस्थानकडे दाखवतो, पण आकडा आपल्या अंगणातला आहे.

कार्यक्रमानंतर आमच्या वसतिगृहात समुपदेशकांनी वेगळी बैठक घेतली. खुर्च्या नाहीत, सतरंजीवर. वॉचमन, सफाईच्या दोघी, मावशी आणि त्यांच्या हाताखालच्या मुली, सगळ्यांना बसवलं. हा तासच खरा दिवस होता.

एकीने विचारलं, "मैत्रिणीने कोणाला सांगू नको अशी शपथ घातली तर?"

बाई म्हणाल्या, "शपथ मोड. ती रागावेल. रागवायला ती असू दे."

मग त्या प्रश्नाच्या भाषेवर आल्या. आपण विचारताना चाचरतो. "स्वतःचं काही बरंवाईट तर करणार नाहीस ना?" असं म्हणतो. या वाक्यात उत्तर आपणच घालून ठेवलेलं असतं, समोरची "नाही" म्हणून मोकळी होते. सरळ विचारायचं, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही भीती खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट, कोणीतरी ओझ्याला हात लावला असं त्या माणसाला वाटतं. बाईंनी प्रत्येकीकडून ते वाक्य मोठ्याने म्हणवून घेतलं. मावशींची पाळी आली तेव्हा त्या अडखळल्या. "तोंडातून निघंना," म्हणाल्या. तिसऱ्या वेळी निघालं. माझ्याही तोंडून पहिल्यांदा निघालं नाही.

मुली आपल्या त्रासाला काय काय म्हणतात त्याची यादी आम्ही फळ्यावर केली. मन लागत नाही. डोकं बधिर झालंय. कसंतरी होतंय. जीव घाबरा होतो. नुसतं पडून राहावंसं वाटतं. 'नैराश्य' हा शब्द कोणी वापरला नाही. आमच्या पोस्टरवर मात्र तोच शब्द मोठ्या अक्षरात आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

मराठवाड्यात पाणीच पाणी. धाराशिव, बीड, पलीकडे सोलापुरात सीना काठ सोडून वाहतेय. वसतिगृहात तिकडच्या एकतीस मुली आहेत. काल रात्रीपासून जिन्यात, गच्चीवर, जिथे रेंज येईल तिथे त्या फोन लावताहेत. भूमकडच्या एकीच्या घरात कमरेएवढं पाणी, जनावरं सोडून दिली, माणसं शाळेत. काढायला आलेलं सोयाबीन गेलं.

वहीत एका दिवसात खाड्यांची संख्या दुप्पट झाली. सांगून ठेवलेले खाडे. म्हणजे मुलींनी आपणहून पुढच्या महिन्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली आहे. मी मावशींकडे गेले तर त्या आधीच वहीवर हात ठेवून बसलेल्या. "या पोरींचा खाडा मी मांडणार न्हाई. येऊन जेवायचं. बिलाचं दिवाळीनंतर बघू." मावशींचा स्वतःचा ठेका वर्षाचा आहे, गॅसचे पैसे त्याच भरतात. मी परीक्षा शुल्काची तारीख पुढे ढकलण्याबद्दल विभागाला पत्र दिलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, रात्री उशिरा

परंड्याकडची, एम.ए. दुसरं वर्ष. तीन दिवसांत सहा फुल्या, सहाही गोल. सोबतच्या दोघी गावी अडकलेल्या, म्हणजे खोलीत ती एकटी. आठला मी ताट घेऊन गेले.

दिवा बंद. ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली. घरची माणसं सुखरूप आहेत, कालच फोन लागला होता. मग म्हणाली, "मॅडम, बापाने माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढलं. आता रान वाहून गेलं. मी नसते तर त्यांचं निम्मं ओझं कमी झालं असतं."

मी नसते तर. हे ऐकून पूर्वी मी म्हटलं असतं, असं बोलू नये बाळा, सगळं ठीक होईल. आज मी ताट खाली ठेवलं आणि सतरंजीवर म्हटलेलं ते वाक्य म्हटलं. "तुला मरावंसं वाटतं का?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो."

मला वाटलं होतं हे उत्तर आलं तर माझे हातपाय गळतील. तसं झालं नाही. पुढे काय करायचं ते ठाऊक होतं. एकटं सोडायचं नाही. मी तिथेच बसले. वेळ रात्रीची, समुपदेशकांचा फोन लागेना. १४४१६ लावला. हा 'टेली मानस'चा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आणि चोवीस तास. भाषेसाठी आकडा दाबायचा, मराठी मिळते. पलीकडच्या बाई तिच्याशी पस्तीस मिनिटं बोलल्या. मी तिची पाठ धरून बसले होते. ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

मग तिला विचारलं, "घरी कोणाला सांगू? तू सांगशील त्यालाच." म्हणाली, मामाला. मामांशी बोलले. ते सकाळच्या पहिल्या गाडीने निघताहेत. साडेदहाला मावशींनी गरम भात आणि वरण वर पाठवलं. चार घास खाल्ले. आत्ता तिची शेजारच्या खोलीतली मैत्रीण तिच्याजवळ झोपली आहे आणि मी बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून हे लिहितेय.

३० सप्टेंबर, मंगळवार

शनिवारी मामांसह सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन आलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत. मामांना वाटत होतं झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल. डॉक्टरांनी त्यांना बाजूला बसवून समजावलं. असे डॉक्टर रोज शंभर माणसं तपासून इतकं बोलू शकतात याचं मला फार नवल वाटतं.

मामा तिला घरी न्यायला निघाले होते. मी म्हटलं, घरी अजून चिखल आहे, इथे मैत्रिणी आहेत, डॉक्टर आहेत. तिची इच्छा विचारा. ती इथेच थांबली.

८ ऑक्टोबर, बुधवार

दोन गोष्टी.

काल सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मुलींनी मोबाइलवर बातमी वाचली आणि परत एकमेकींना पंचनामा झाला का ते विचारायला लागल्या.

दुसरी गोष्ट, पुनर्प्रवेशाच्या अर्जावर आज बैठक होती. वर्गाचा प्रवेश मंजूर झाला. वसतिगृहाबद्दल सूचना आली की मुलीने 'पूर्ण बरी असल्याचं' प्रमाणपत्र आणावं आणि पालकांनी हमीपत्र द्यावं. मी उभी राहिले. म्हटलं, मागच्या महिन्यात कावीळ होऊन परत आलेल्या मुलीकडून आपण हमीपत्र घेतलं नाही. २०१७ च्या कायद्याचं २१ वं कलम सांगतं की आरोग्यसेवा देताना मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसासारखीच वागणूक मिळाली पाहिजे; मग वसतिगृहात वेगळी का? आणि मग जे म्हणायचं ठरवलं नव्हतं तेही म्हटलं, की मागच्या वेळी सही माझी होती आणि ती चूक होती. खोलीत कोणी काही बोललं नाही. अध्यक्षांनी चष्मा पुसला. ठराव असा झाला: वसतिगृह प्रवेश रेक्टरच्या अधिकारात राहील.

समुपदेशकांच्या खोलीच्या पत्राला उत्तर नाही. उद्या तिसऱ्यांदा देणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

मावशी, मी, वही. या आठवड्यात पाचाहून जास्त खाडे फक्त चौघींचे. दोघी दिवाळीसाठी लवकर गेल्या आहेत. उरलेल्या दोघींच्या खोल्यांवर जाऊन आले. एक अभ्यासात गुंगलेली, मॅगी खाऊन राहतेय, तिला रागावले. दुसरीशी उद्या पुन्हा बोलायचंय.

परंड्याकडची आता सकाळी जेवते. रात्री अजून निम्मं ताट परत येतं. मावशी ते तिला न विचारता झाकून ठेवतात.

दरवर्षी दिवाळीला वसतिगृह कुलूपबंद होतं. या वर्षी ज्यांच्या घरांना अजून ओल आहे अशा अकरा जणी इथेच राहणार आहेत. मेस त्यांच्यासाठी चालू राहील, तसा आदेश शुक्रवारी काढून घेतला.

वहीच्या शेवटच्या पानावर मावशींनी माझ्याकडून एक नाव लिहून घेतलं. खोली २०७, खिडकीकडचा पलंग. ती दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला येतेय. प्रवेशपत्रावर संध्याकाळी सही केली.